झीलकऱ्यांचा बाक

तिसगावातून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की एका पत्र्याच्या शेडमधून घरघर ऐकू येते. ते योहानचं वर्कशॉप. संगणकावर नक्षी काढायची, फळी टेबलावर घट्ट आवळायची आणि बटण दाबायचं. मग सीएनसी राउटरचं फिरतं पातं आपलं आपण पुढंमागं सरकत दारावर मोर, वेल, क्रूस, जे सांगाल ते कोरतं. पण योहानचा जीव दारांत नव्हता. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की तो त्याच मशीनवर इलेक्ट्रिक गिटार घडवायचा. विकायला नाही, हौस म्हणून. बायको दया आल्यागेल्याला सांगायची, "आमच्यात दिवाणाला तीन पाय हायेत, पण भिंतीला गिटारी बघा किती."

घर मात्र कीर्तनाचं. योहानचे वडील कारभारीबाबा हे ख्रिस्ती कीर्तनकार. त्यांनी योसेफाला भावांनी विहिरीत टाकल्याचा प्रसंग लावला की बाया पदर डोळ्याला लावायच्या आणि पुरुष उगाच खोकायचे. आता त्यांना फार वेळ उभं राहवत नव्हतं. योहानची एकुलती मुलगी आराधना नुकतीच बारावी झाली होती. येत्या सुगीच्या उपासनेला ती पहिल्यांदा कीर्तनाला उभी राहणार होती. घराण्याचं सगळं आता तिच्या गळ्यावर होतं.

त्याच सुमारास चर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि पंचांनी झीलकऱ्यांचा जुना बाक योहानला देऊन टाकला. कीर्तनकारानं ओळ सोडली की मागं बसलेले ती उचलून धरतात, घोळवतात, त्याला झील म्हणतात. ती किती चालायची हे झीलकऱ्याच्या हाती नसतं. कीर्तनकार पुन्हा ओळ म्हणतो, टाळ मारतो, तेव्हाच ती मिटते. बाबा शिकवताना पोरांना दम द्यायचे, ओळ उघडी टाकून उठायचं नाही, झीलकरी ती घरी घेऊन जाईल.

बाक अस्सल सागाचा होता. कुठं गाठ नाही, कीड नाही.

"त्याचं दार कर, चौरंग कर," बाबा म्हणाले. "वाजणारं काय करू नको."

योहाननं का म्हणून विचारलं.

"त्याच्यावर लई जणांनी दुसऱ्याचंच गायलंय."

योहान हसला. फळी मशीनवर चढवली.

पहिला थर उतरला तसा वास सुटला. सागाचा नव्हे. लवंगेचा, आणि बंद खोलीत पुष्कळ माणसं गात असली की जो दाटतो, त्या श्वासाचा. जुनं पॉलिश असेल, असं त्यानं ठरवलं. भुसा हाताला कोमट लागला. पातं तापलं असेल. काम संपलं, बटण बंद केलं, पातं थांबलं. घरघर मात्र फळीत राहिली. ती हळूहळू एका स्वरावर आली आणि मग विरली. याला काही कारण सापडेना, म्हणून योहान चहाला गेला.

गिटार देखणी झाली. तारा चढवून त्यानं ती भिंतीला टांगली. त्याच्याकडं कामाला असलेला गोरक्ष सुतार दारं घासताना कायम काहीतरी गुणगुणायचा. एकदा मधेच त्याचा फोन वाजला, तो बाहेर गेला, आणि पुढची चाल तारांनी उचलली. वायर जोडलेली नव्हती. योहाननं तारांवर तळवा ठेवला, तेव्हा ती थांबली. दोघं हसले. लाकूड चांगलं असलं की असं घुमतं, योहाननं त्याला समजावलं.

त्यानंतर गोरक्ष गुमान काम करायला लागला. योहाननं छेडलं, घरी भांडण झालं का म्हणून.

"न्हाई हो. गाणं तोंडापर्यंत येतंय. भाईर येत न्हाई."

मग आराधनाची तालीम आली. घरी पाहुणे होते, म्हणून बाबा तिला घेऊन वर्कशॉपमध्ये बसले. आख्यान हन्नाचं होतं, मूल नाही म्हणून देवापुढं रडणाऱ्या बाईचं. बाबांनी डोळे मिटून ओळ उचलली, "रिती माझी ओटी, देवा..."

आवाज असा लागला होता की योहानला राहवलं नाही. तो म्हणाला, "बाबा, थांबा, मोबाईलवर घेतो." त्यानं त्यांचा टाळाचा हात धरला.

बाबा थांबले.

भिंतीवरच्या तारा हलल्या. "...भरून दे एकदा." शब्द नव्हते, पण चाल तीच होती, आणि स्वराला बाबांच्या गळ्याची ती ओळखीची खरखर होती. बाबांनी ओळ मिटवायला तोंड उघडलं. पुन्हा उघडलं.

नगरच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. सगळं ठीक होतं. वय झालं, ते म्हणाले. योहाननंही तेच धरून ठेवलं. दया गिटार जाळायला निघाली, तर तो आडवा आला. आता ती वाजवली की अंगावर काटा यायचा. असा आवाज त्याच्या हातून कधी निघाला नव्हता, आणि तो गावानं ऐकावा असं त्याला फार वाटत होतं.

आराधनानं आईला बाजूला घेतलं. आजोबांची ओळ त्यात अडकलीय, जाळली तर तीही जळेल, ती म्हणाली. "कीर्तनाला उभी मी राहणार. मिटवायचा मान माझा हाय. मी मिटवते."

"आन् तुला काय झालं तर?"

आराधनानं टाळ उचलले आणि तालमीला बसली.

सुगीच्या रविवारी चर्चमध्ये ज्वारीची कणसं, भोपळे, उसाच्या मोळ्या मांडल्या होत्या. बाबा पुढच्या ओळीत, तोंडाला उपरणं लावून बसलेले. योहान झीलकऱ्यांच्या जागी गिटार घेऊन बसला. पोरीनं पहिल्या शब्दालाच सभा हातात घेतली. म्हाताऱ्या बाया एकमेकींना कोपरानं डिवचत होत्या, आजा उभा राहिलाय गं.

"रिती माझी ओटी, देवा..." आराधना गायली.

तारांनी ती उचलली. योहाननं बोटं वर घेतली. तारा चालूच होत्या.

आराधना त्याच्याकडं वळली. पुरी ओळ म्हणाली, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि टाळ मारला.

तारा थांबल्या.

बाबांचे खांदे खाली आले. आराधना हसली. मग सभेकडं वळून पुढं गाऊ लागली.

ओठ हलत होते. आवाज नव्हता.

सभा निश्चल बसली होती. हन्नाचंही तसंच होतं. ती मनातल्या मनात बोलली, तिचे ओठ तेवढे हलले, आणि याजकाला ती प्यालेली वाटली. शास्त्रात तसंच लिहिलंय. "कसं सोंग उभं केलंय पोरीनं," मागं कुणीतरी हुंदका देत म्हणालं. आराधनानं गळ्याला हात लावला. मग दोन्ही हात. बाया रडू लागल्या.

बाबा उठले. उपरणं खाली पडलं.

"आराधना," त्यांनी हाक मारली.

आवाज आराधनाचा होता.

योहाननं गिटार करवतीखाली घातली. आत नुसता साग निघाला. बाबांनी तोंड मिटून घेतलं ते घेतलंच. जेवायला काय हवं ते बोटानं दाखवायचे. आराधना मान हलवून होय-नाही सांगायची. घर शांत झालं.

दिवाळीनंतर एकदा योहान दुपारी जेवायला घरी आला. पडवीत दिवाणावर बाबा बसलेले, त्यांच्या पायाशी दया, डोळे मिटून.

"एकदाच, बाबा," ती म्हणत होती. "कालच्यासारखं."

बाबांनी योहानकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आई," ते म्हणाले. कोवळं, लाडात. "आई, भूक लागली."

"आले गं, माझी बाय," दया म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

आराधना आतून आली. वाढलेलं ताट हातात होतं. तिनं आईच्या खांद्याला हात लावला. मग जरा हलवलं.

दयानं डोळे न उघडताच तो हात बाजूला सारला.

"थांब जरा," ती म्हणाली. "मी आराधनाशी बोलतीय."