ढेपेबाईंचा शून्य फरक

सोमवार, दिनांक १२ जून २०५१ रोजी सकाळी साडेदहा वाजता, चंद्रपूर येथील अध्ययन-साहाय्य प्रशिक्षण संस्थेच्या तिसऱ्या प्रयोगशाळेत श्रीमती मंदाकिनी ढेपे यांची वाचनरोध चाचणी दुसऱ्यांदा घेण्यात आली. आणि दुसऱ्यांदाही तिचा निष्कर्ष शून्य आला.

संस्थेच्या नऊ वर्षांच्या इतिहासात असे घडले नव्हते. अध्ययन-अक्षम मुलांना शिकवू इच्छिणारा प्रत्येक शिक्षक आणि मानसशास्त्रज्ञ येथे बंद खोलीत, डोक्याला रोधपट्टा बांधून, तीनशे शब्दांचा उतारा मोठ्याने वाचतो. तोच उतारा पट्ट्याविनाही वाचायचा असतो; दोन्हींना लागलेला वेळ यंत्र मोजते. डाव्या कानामागे, मेंदूच्या ज्या भागात अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड बसते, तेथे हा पट्टा दुर्बळ चुंबकीय स्पंदने सोडून ती सांगड पाव सेकंद लांबवतो. एवढ्यानेच पदवीधर माणूस अडखळू लागतो, आणि ‘लक्ष दिलं की येतं’ हे वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा निघत नाही. ज्याच्या वाचनात फरक पडत नाही त्याला प्रमाणपत्र नाही, असा नियम होता.

ढेपेबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. सत्तावीस वर्षे तिसरीचा वर्ग त्यांच्याकडे होता. आज त्या अनुत्तीर्ण ठरल्या, तर वर्गातली सात अध्ययन-अक्षम मुले दुसऱ्या कोणाकडे जाणार होती आणि बाईंची रवानगी कार्यालयात होणार होती.

“पट्टा बिघडलाय,” मानसशास्त्रज्ञ डॉ. हेमलता वासनिक म्हणाल्या.

“अशक्य!” प्रा. त्र्यंबक धारप कडाडले. पट्टा त्यांनीच घडवला होता. “उतारा बाईंना आधीच पाठ असणार.”

“पंधरा मिनिटांपूर्वी मी तो लिहून छापला, सर. कागद अजून गरम आहे.”

“मग पट्टा सरकवला असेल.”

“मी हातसुद्धा लावला नाही जी,” ढेपेबाई म्हणाल्या.

“वाद पुराव्याने मिटतो,” असे म्हणून धारपांनी पट्टा स्वतःच्या डोक्याला बांधला, उतारा हाती घेतला आणि खणखणीत सुरुवात केली. “इर... इर... इरई नदीच्या का... ठाव...” ते थांबले. त्यांनी चष्मा पुसला. “वासनिक, तुमचं अक्षर अगम्य आहे!”

“छापील आहे, सर.”

ढेपेबाई नकळत उठून त्यांच्याजवळ गेल्या. “सावकाश, सर. बोट ठेवा ओळीवर. अख्ख्या शब्दाकडे पाहूच नका. टेबलावर टिचकी मारत एकेक अक्षर घ्या. इ, र, ई. असं. घाई कोणाला आहे?”

प्राध्यापकांनी मुकाट्याने बोट ठेवले. टिचक्या वाजू लागल्या आणि पुढच्या तीन ओळी बऱ्यापैकी सुरळीत पार पडल्या. पट्टा सोडला तेव्हा त्यांचे कपाळ घामाने डबडबले होते. यंत्र ठणठणीत होते, एवढे सिद्ध झाले.

वासनिक मात्र बाईंकडे रोखून पाहत होत्या. “ही युक्ती आमच्याकडे चौथ्या महिन्यात शिकवतात. तुम्हाला कोणी शिकवली?”

“कोणीच नाही. मी अशीच वाचते.”

वासनिकांनी निकालाचा तक्ता ओढला. त्यात रकाना एकच होता : फरक. पट्ट्यासह लागलेल्या वेळातून पट्ट्याविना लागलेला वेळ वजा करायचा आणि उरेल तेवढेच लिहायचे. मूळ आकडे पाहण्याची गरज नऊ वर्षांत कोणाला वाटली नव्हती. त्यांनी ते यंत्राच्या स्मृतीतून काढले.

“पट्ट्यासह सहा मिनिटे दहा सेकंद. पट्ट्याविनाही सहा दहा.”

“म्हणजे शून्य. तेच तर मी सांगतोय!”

“पट्ट्याविना तुम्हाला किती लागतात, सर?”

“अडीच मिनिटं,” धारप म्हणाले आणि पुन्हा आकड्यांकडे पाहू लागले. मग सावकाश म्हणाले, “पूल बंद केला, तर पुलावरून जाणाऱ्याला उशीर होतो. पण जो जन्मभर नावेनेच नदी ओलांडतो...”

“त्याला पूल बंद झाल्याचं कळतही नाही.” वासनिक बाईंकडे वळल्या. “बाई, अक्षर आणि उच्चार जोडणारी वाट तुमच्या मेंदूत लहानपणापासूनच कच्ची आहे. पट्टा आमच्याकडून जे घटकाभर काढून घेतो, ते तुमच्याकडे नव्हतंच. तुम्ही स्वतःची दुसरी वाट पाडलीत.”

ढेपेबाईंनी विचारले, “म्हणजे मी ढ नाही?”

“ढ कोण म्हणालं?”

“कोण नाही म्हणालं? डी.एड.ची पुस्तकं धाकट्या बहिणीनं वाचून दाखवली, मी ऐकून पाठ केली. उद्याचा धडा आज वीसदा वाचते, तेव्हा कुठे वर्गात उभी राहते. सत्तावीस वर्षं एकच धास्ती होती, कोणी साहेब येईल, अनोळखी कागद हातात देईल आणि म्हणेल, वाचा.” त्या एकाएकी हसू लागल्या आणि ओढणीने डोळे टिपू लागल्या. “आज तेच झालं ना जी! आणि पाहा, कसं हलकं हलकं वाटतंय.”

“पण नियम फरक मागतो,” धारप म्हणाले. मात्र आवाजातला जोर गेला होता.

“कशासाठी मागतो, सर?”

“मुलाची अडचण शिक्षकाला आतून कळावी, यासाठी.”

धारपांनी तक्ता पुढ्यात घेतला, शून्यावर काट मारली आणि शेजारी पट्टीने ‘पट्ट्यासह’ आणि ‘पट्ट्याविना’ असे दोन नवे रकाने आखले.

“हा तक्ता नऊ वर्षं अर्धवट होता, आणि तो मी आखला होता,” सही करीत ते म्हणाले. “ढेपेबाई उत्तीर्ण आहेत.”