अनवाणी चार वर्षं

“अंगावरचं धातूचं सगळं काढा मावशी, जोडवीसुद्धा,” एमआरआयच्या खोलीबाहेर सिस्टर म्हणाली आणि दुर्गाबाईंचे हात मंगळसूत्रापाशी थबकले... ते घ्यायला त्यांच्या नवऱ्याने, रामरावांनी ओंजळ पुढे केली. तोच मागून दुसरा हात आला. तळहातावर लहानपणीचा विळ्याचा व्रण... तो व्रण त्या माउलीने डोळे मिटूनही ओळखला असता!

“दे आई.”

सोमेश्वर! चार वर्षांनी!

“तुला कुणी बोलावलं रे?”

“बाबांनी. फोनवर रडून राह्यलते.” त्याने नजर मात्र दिली नाही.

कशी देणार? दुसऱ्या समाजातल्या प्रियाशी त्याने लग्न केलं, तेव्हा “तो उंबऱ्यात आला तर मी जीव देईन!” असे रामराव गरजले होते, आणि बापलेकांत वैर नको, राग धरायचा तर त्याने माझा धरावा, म्हणून दुर्गाबाईंनीच फोनवर सांगितलं होतं, “आम्हाला तोंड दाखवू नको.” त्याच दिवशी देवापुढे हात जोडून त्यांनी पायातल्या चपला काढल्या... लेक-सून जोडीनं घरात येतील तोवर अनवाणी! रोज पहाटे महादेवाला पाणी घालून त्या मस्तगडच्या घरून एसटी स्टँडवर जायच्या, सोमेश्वर राहायचा त्या जाफराबादच्या पहिल्या गाडीतून उतरणारा एकेक चेहरा बघायच्या आणि रित्या तांब्यासारख्या परत यायच्या. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “नवस हाय.”

दोन वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. आता जांघेत गाठी आल्या होत्या. दुखणं उलटलं, की नुसती सूज? ते आता हे यंत्र सांगणार होतं.

यंत्राच्या पोटात ठणठणाट सुरू झाला. दुर्गाबाई बोटांच्या पेरांवर ‘नमः शिवाय’ मोजू लागल्या. देवा, जे असेल ते असू दे... पण दारापर्यंत आलेलं माझं लेकरू घरापर्यंत येऊ दे!

दुपारी डॉक्टरांनी चित्रं समोर धरली. “गाठी लांबट आहेत, कडा गुळगुळीत, आतली ठेवण शाबूत. कॅन्सरच्या गाठी बहुधा गोलसर, वेड्यावाकड्या कडांच्या दिसतात. ही सूज वाटते. औषध देतो, तीन आठवड्यांत उतरली नाही, तर सुई टोचून तपासू. पण सूज आली कुठून? पायाला जखम आहे का?”

“न्हाई, न्हाई!” दुर्गाबाईंनी पाय लुगड्यात ओढून घेतले.

सोमेश्वर खाली बसला. लुगड्याचा काठ त्याने बाजूला केला... टाचेला खोल भेग, आत चिघळलेला काटा, वर हळदीचा लेप!

“अवधाण आलंय हे, पायाच्या जखमेने जांघेत गाठी सुजल्यात,” डॉक्टर म्हणाले. “आता उघडा पाय जमिनीला लावायचा नाही.”

“आई, चप्पल का न्हाई घालत तू?”

उत्तर दिलं ते रामरावांनी, “तुझ्यासाठी, येड्या! ‘तोंड दाखवू नको’ हे तिचं बोलणं न्हवतं रे... माझं होतं! तिनं अंगावर घेतलं अन् मी घेऊ दिलं!”

“आई!” सोमेश्वरने त्या पावलांवर डोकं टेकलं आणि चार वर्षांचे अश्रू त्या भेगांतून वाहू लागले...

पायाला पट्टी बांधून होईतो तो धावत जाऊन मऊ चपला घेऊन आला. पण दुर्गाबाईंनी मान हलवली.

“आत्ता न्हाई राजा. नवस जोडीचा हाय. प्रिया कुठंय?”

“खाली रिक्षात. वर येऊ का नको, म्हणत होती.”

रामराव उठले. सोमेश्वरकडचं मंगळसूत्र घेऊन दुर्गाबाईंच्या गळ्यात घातलं आणि ते स्वतः जिना उतरले. रिक्षापाशी त्यांचा आवाज चाचरला, “चल बाई, घरी चल. सासूला आता उभं राहायचं न्हाई, अन् माझ्या हातचा चहा कुत्रंसुद्धा पेत न्हाई.”

प्रिया हसली आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले.

पाय जमिनीला लागू नये आणि नवसही मोडू नये, म्हणून सोमेश्वरने आईला रिक्षातून उचलूनच दारात आणलं. प्रियाने उजवं पाऊल आत टाकलं... मागोमाग आईला घेऊन तो आत आला. आणि जिथे सगळे चपला काढतात, त्या उंबऱ्याच्या आत, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून दुर्गाबाईंनी चपला घातल्या.