सन्मतीची साक्ष

जयसिंगपुरात सुकुमार चौगुल्यांच्या घरी सकाळचा चहा संगणकाच्या मर्जीनं व्हायचा. रुग्णालयाच्या संकेतस्थळाचं नाव टाकायचं आणि आधण ठेवायचं. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी पडद्यावर चक्र फिरतच असे. पान एकदाचं उघडलं, की सुकुमारांच्या पेसमेकरची नोंद पाठवायची; पण उशिरा आलेली नोंद पलीकडची यंत्रणा घेतच नसे. आज जोडणी सुधारली नाही तर घरबसल्या देखरेख बंद होईल, असा निरोप आला, तेव्हा त्यांच्या पत्नीनं, शैलजाबाईंनी, रुबिना मुल्लाला बोलावलं. गावातले बरेच संगणक तिच्याच हाताखालून गेलेले.

रुबिनानं वायर काढली, लावली, काहीबाही मोजलं.

"काकू, लाईन ठणठणीत हाय. पान उघडलं की सगळं पळतंय. अडतंय ते नाव शोधताना."

संगणकाला नावं कळत नाहीत. प्रत्येक नावामागचा आकडी पत्ता त्याला कुणाला तरी विचारावा लागतो. पूर्वी तो सार्वजनिक नामकोशातून मिळायचा. पण हुबेहूब खोट्या बँका आणि खोटी रुग्णालयं उभी करून भामट्यांच्या यंत्रांनी ते कोश पार नासवले. तेव्हापासून प्रत्येक घरानं आपला एक नामसाक्षी नेमायचा, असा कायदा आला. साक्षी म्हणजे विश्वासातलं माणूस. त्याच्याकडची डबी 'पत्ता खरा आहे' अशी ग्वाही देई, तेव्हाच पान उघडे. चौगुल्यांची नामसाक्षी होती त्यांची एकुलती मुलगी सन्मती. ती नागपूरला असायची. ती वारल्याला आता वर्ष होत आलं होतं.

"साक्षी बदलायचा राहून गेला जणू," रुबिना हळूच म्हणाली.

"राहिला नाही. मीच ठेवलाय," शैलजाबाई म्हणाल्या.

पान उघडलं की कोपऱ्यात 'सन्मतीने खात्री केली' अशी ओळ उमटायची. तेवढ्यासाठी बाई दिवसभर पंचांग, भाजीचे भाव, रेल्वेची वेळापत्रकं असं काय वाट्टेल ते उघडत बसायच्या. कुठं जायचं नव्हतं, काही आणायचं नव्हतं.

रुबिनानं आणखी चार नावं टाकून पाहिली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "साक्षी गेला की डबी आपोआप कुलूपबंद हुती. मग उत्तरच यायला नको. शिवाय यंत्राचा उशीर सारखा असतोय, ह्यो कमीजास्त हुतोय. काकू, पलीकडं माणूस हाय. एकेक नाव बघून हातानं हो म्हणतोय. साक्षीच्या घरातल्या माणसाला तेवढी मुभा असती."

सन्मतीच्या नागपूरच्या घरात आता एकच माणूस होतं. जावई, प्रफुल वानखेडे. सन्मती अचानक गेल्याचं कळताच सुकुमार आणि शैलजाबाई मिळेल त्या गाडीनं निघाले होते. वर्ध्याला पोचतात तोच त्याचा फोन आला, की अंत्यसंस्कार उरकले. पोटच्या पोरीचं तोंडही पाहायला मिळालं नाही. त्यानंतर त्यांनी त्याचा एकही फोन घेतला नव्हता. कुठल्या आईबापांनी घेतला असता?

"काढून टाक त्याला," सुकुमार कडाडले. "पाळत ठेवतोय होय आमच्यावर?"

शैलजाबाईंनी मात्र प्रफुलला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"आमच्या नावांवर 'हो' तुम्ही दाबताय होय?"

पलीकडून आवाज आला. "हो आई. मीच दाबून राहिलो. मिटिंगमध्ये असलो की उशीर होते."

"पण कशाला?"

"तिचं नाव तुमच्याकडचं बंद पडू नये म्हणून."

सुकुमारांनी फोन ओढून घेतला. "त्या दिवशी आम्ही येईपर्यंत थांबला नाहीस, आणि आता हे?"

"बाबा, मी इथल्या एका जैन काकांना विचारलं होतं, तुमच्यात कसं करतात म्हणून. ते म्हणाले, दिवस मावळायच्या आत. मला वाटलं, निदान शेवटचं तरी सगळं तुमच्या रीतीनं व्हावं."

सुकुमारांनी चालू फोन संगणकाशेजारी ठेवला. जावई परजातीतला म्हणून लग्नात त्यांनीच त्याला बजावलं होतं, की आमची रीत मोडलेली मला खपायची नाही. पोरानं ती पाळली होती. ते लहान मुलासारखे रडू लागले, आणि त्यांना कसं आवरावं ते दोघींनाही कळेना.

शेवटी रुबिनानंच डोळे पुसले. "काका, ह्या दादांनाच साक्षी करा की. जित्या माणसाची डबी आपसूक उत्तर देती. रुग्णालयाचं काम आत्ताच्या आत्ता हुईल. फक्त ताईंची ओळ जाईल."

शैलजाबाईंनी नवऱ्याच्या छातीकडे पाहिलं आणि साक्षी बदलायला पडद्यावर अंगठा टेकवला. रुग्णालयाचं पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. नोंद गेली, स्वीकारली गेली. कोपऱ्यात लिहिलेलं होतं, 'प्रफुलने खात्री केली'. बाई त्या कोपऱ्यात अजून काहीतरी शोधत राहिल्या.

फोन चालूच होता.

"आई, माझी डबी हिरवी झाली. आता मला काही दाबावं नाही लागणार." त्याचा आवाज अडखळला. "सकाळी तुम्ही टाकलेलं पहिलं नाव माझ्याकडे आलं, की समजायचं मला, दोघंही उठले. मग मी अंघोळीला जात होतो."

लग्नापासून शैलजाबाई जावयाला अहोजाहो करत आल्या होत्या. आज पहिल्यांदा त्यांच्या तोंडून एकेरी हाक आली.

"प्रफुल, मग उद्या आम्ही उठलो, हे तुला कसं कळायचं रे?"