खडूच्या समुद्राचा खोटा पत्ता

त्याने पहिल्यांदा आमच्या संग्रहालयाचं दार ढकललं, तेव्हा मी दात घासायच्या ब्रशने आठ कोटी वर्षांपूर्वीचा मासा घासत होते.

"माशाची अंघोळ चाललीय वाटतं…" असं म्हणत त्याने रुमालाची गाठ सोडली. आत दगड झालेला गोल सी-अर्चिन, समुद्रातला काटेरी जीव, पण काटे झडलेला, पाठीवर पाच पाकळ्यांची नक्षी. तो खडूच्या खाणीत मशीन चालवायचा. "फेकवेना," एवढंच म्हणाला. त्याच्या कानामागे पांढरी पूड होती. मी उगाचच चष्मा पुसला.

मग तो दर रविवारी येऊ लागला. कधी शिंपला, कधी शार्कचा दात, एकदा अमोनाइट, म्हणजे वेटोळं घातलेला दगडी शंख. "कुठे सापडलं?" विचारलं की म्हणायचा, "आमच्याच खाणीत." मी तसं लेबल लिहायचे. ताई घरी चिडवायची, "लोकांना फुलं मिळतात, हिला दगड."

संग्रहालयातल्या वस्तूंची यादी छापायला जायच्या आदल्या दिवशी, रविवारीच, मी त्या दातावरची पूड मायक्रोस्कोपखाली धरली. खडू म्हणजे समुद्रतळाशी साचलेल्या इवल्या शिंपल्यांचा चुरा, आणि थराथराला ते शिंपले वेगळे. हे त्याच्या खाणीतले नव्हतेच. मग मी त्याने आणलेली एकेक वस्तू तपासली. पहिला सी-अर्चिन सोडला तर बाकी सहाही वस्तू दुसरीकडच्या. ठिकाण चुकलं की जीवाश्माचा नुसता धोंडा होतो, आणि सहा लेबलांखाली सही माझी. मला रडूच आलं.

तेवढ्यात तो आला.

"हे कुठलं?" मी दात पुढे केला.

"आमच्या—"

"खोटं बोलू नका. माझ्या नोकरीवर येईल."

त्याचा चेहरा पडला. "खाण बंद झाली… मी पहिल्यांदा आलो त्याच आठवड्यात. तेव्हापासून समुद्रकाठच्या कड्यांवर शोधतो. खरं सांगितलं असतं, तर तुम्ही विचारलं असतं, एवढ्या लांब कशाला जाता?"

"विचारलं असतंच."

"मग… उत्तर द्यावं लागलं असतं."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. त्याच्यासमोरच मी संग्रहालयाच्या साहेबांना फोन लावून चूक कबूल केली. ते भरपूर बोलले, शेवटी म्हणाले, "यादी थांबवतो. निस्तरा आता."

"सहाही ठिकाणं मला स्वतः दाखवायची," मी त्याला बजावलं. "सहा रविवार."

"आणि सातव्या रविवारी?"

"सातव्या रविवारी घरी ये." पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करताना माझे कान तापले. "पण दगड आणलास तर आत घेणार नाही. नुसता ये."