हाक दिली, उत्तर न्हाई

हे लिहू का नको, यातच आठ दिवस गेले. न्हाईच लिहिणार होतो. मी काय इंजिनियर न्हाई, मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेला गडी. लोक म्हणतील, ह्या म्हैंद्याला काम जमलं न्हाई आन् आता कायबी सांगतोय.

न्हावऱ्याहून गाडी काढली की भीमेच्या काठावर आमच्या पाणीसंस्थेचं पंपघर लागतं. पलीकडं दौंड तालुका. पंपघराच्या खाली तीस फूट विहीर, नदीचं पाणी तिच्यात येतं. तिथं इलाहीचाचांनी बावीस वर्षं मोटार चालवली. बटन दाबायच्या आधी विहिरीच्या तोंडाशी वाकून हाक द्यायचे, "कोन हाय का खाली?" जरा थांबायचे. मग रजिस्टरात लिहायचे: हाक दिली. उत्तर न्हाई. चालू.

रोज तेवढंच.

दिवाळीत चाचा घरीच, झोपेत गेले. आता तिथं त्यांचा पोरगा सोहेब असतो, माझा शाळेपासूनचा दोस्त. मी पंपघरात छोटा कॉम्प्युटर बसवला. एक कमांड दिली की शेतकऱ्यांना मेसेज जातो आन् मोटार सुरू होते.

"आन् हाक?" सोहेबनं विचारलं.

"मशीनला कशाला हाक लागतीय, येड्या?"

तो हसला न्हाई.

त्या मंगळवारी दुपारी संस्थेचं काम बघणाऱ्या हौसराव आप्पांचा फोन, "ऊस वाळून चाललाय, टाका की मोटार!" सोहेब दिसत नव्हता. चहाला गेला असंल म्हणलं. त्याच्या चपला विहिरीच्या तोंडाशी होत्या. मी बघितल्या. डोक्यात आलं न्हाई, खरं सांगतो.

मेसेज डबल कोटात, म्हंजी दुहेरी अवतरणचिन्हात, लिहावा लागतो. कोट उघडला की तो बंद होईस्तोवर मशीन काही करत न्हाई, तुमचं बोलणं संपायची वाट बघतं. उघडायचा कोट मी हातानं दिला. पुढचा मजकूर सोहेबनं व्हॉट्सॲपवर पाठवलेला कॉपी केला, शेवटच्या कोटासकट. त्याच्या जुन्या आयफोनवरचे कोट वाकडे येतात. मशीन त्यांना कोट मानतच न्हाई.

एंटर मारलं. खाली नुसता बाण आन् लुकलुकणारी रेघ, म्हंजी कोट अजून उघडाच. ही चूक मी शंभरदा केलीय. सरळ कोट दिला, एंटर. परत बाण. परत कोट. परत बाण. सगळं रद्द करायचं बटन मारलं.

बाण.

मी कीबोर्डवरनं हात काढले. बाणापुढं अक्षरं उमटली.

हाक दिली.

खाली पाणी कुठंतरी ठिबकत होतं.

उत्तर आलं.

तवा चपला आठवल्या. विहिरीत वाकलो. "सोहेब?"

"काय रं? वरडतो कशाला?"

छातीएवढ्या पाण्यात, मोटारीच्या पाईपाला अडकलेली जलपर्णी उपसत होता. वर आला, अंग निथळत होतं. "चहा तरी सांगायचा," म्हणत स्क्रीनपाशी गेला. वाचलं. मग बोटानं ती ओळ पुसायला गेला, फळ्यावरची पुसावी तशी.

"अब्बा असंच लिहायचे."

"व्हय."

"कर बंद कोट, होऊ दे मोटार चालू. मी आलोय की वर."

मी बटनावर बोट ठेवलं. दाबलं न्हाई. स्क्रीनवर परत अक्षरं उमटली.

हाक दिली.

आम्ही दोघंबी वरच होतो. दोघांनीबी तोंड उघडलं नव्हतं. विहिरीत जलपर्णीची पानं हलली, आन् थांबली.

उत्तर आलं.

फोन वाजला. आप्पा. सोहेबनं तो कापला.

आठ दिवस झाले. कॉम्प्युटर तसाच चालू हाय. रोज दुपारी त्याच दोन ओळी वाढतात. ऊस पिवळा पडलाय. आप्पा म्हणतात, शुक्रवारी दुसरा माणूस आणतो आन् सोहेबला काढतो. सोहेब विहिरीच्या तोंडाशी बसून असतो. हाक देत न्हाई, खालनं कोन उत्तर देतंय ते नुसता ऐकतो.

काल त्यानं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. मी त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला: कोणी येऊ दे, काय बी म्हणू दे, जोवर तिथं 'उत्तर न्हाई' उमटत न्हाई, तोवर तो कोट मी कुणाला बंद करू देणार न्हाई.