कोरी काडी

पोलिसांच्या प्रयोगशाळेतल्या बाईंच्या सकाळपासून दोन जागा तपासून झाल्या होत्या, ही तिसरी. आयुष्यभर रक्ताचे डाग शोधून त्यांचे डोळे असे शिणले होते, की घरी टोमॅटो सॉस सांडला तरी त्या आधी वाकून बघत आणि मग पुसत.

वरच्या मजल्यावरची ही भाड्याची खोली. इथे राहणारी मुलगी नाहीशी झाली होती. तिची आई बाहेर जिन्याच्या पायरीवर, भिंतीला टेकून बसली होती. बाई वर चढताना तिने एवढंच विचारलं, "रक्त नाही मिळालं, तर ती जिवंत आहे. हो ना?"

"बघते," बाई म्हणाल्या. त्याहून जास्त बोलायचं त्यांच्यात त्राण नव्हतं.

खोली कुणीतरी घासूनपुसून लख्ख केली होती. दाराच्या कडा, फरशीच्या फटी, बेसिनची जाळी, सगळीकडे बाईंनी ओल्या कापसाच्या काड्या फिरवल्या. काडीवर आधी एका औषधाचा थेंब टाकायचा, मग दुसऱ्याचा. रक्त असेल तर कापूस क्षणात गुलाबी होतो. पण सगळ्यात आधी एक कोरी काडी तपासायची, कशालाही न लावलेली. औषधं चोख आहेत ना, एवढंच बघायला. ती पांढरीच राहायला हवी.

ती गुलाबी झाली.

सामान भरून देणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत बाईंनी नवं पाकीट फोडलं, नव्या बाटल्या काढल्या. कोरी काडी पुन्हा गुलाबी. आणि खोलीत फिरवलेल्या काड्या मात्र त्याच औषधांनी पांढऱ्याफटक राहिल्या.

"बाई, आटपतंय ना?" दारातून हवालदाराने जांभई दिली. "पोटात कावळे ओरडायला लागलेत."

"आटपतंय."

बाईंनी खिडकीपाशी एक कोरी काडी नुसती हवेत धरली. थेंब टाकले. फिकट रंग आला. दुसरी खोलीच्या मधोमध धरली, तर रंग जरा गडद.

दारात आणखी गडद.

आता त्यांना भीती वाटली. नवी काडी घेऊन त्या जिन्यावर आल्या.

"मिळालं?" आईने विचारलं.

"खोलीत काही नाही."

हे खरंच होतं. आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडू लागली. "आहे माझी पोर. आहे कुठेतरी." मग डोळे पुसून तिने शेजारची, कठड्याकडची मोकळी जागा थोपटली. "किती दमलात. बसा ना इथे."

बाईंनी हातातली काडी त्या जागेवर धरली.

थेंब टाकायच्या आधीच कापूस गुलाबी झाला.

बाई बसल्या नाहीत.

तेवढ्यात मागून हवालदार बॅग उचलून आला. काड्यांचं त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"मावशी, जरा सरका," तो आईला म्हणाला. मग कठड्याकडच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्हीपण."