पिंपातलं मीठ

प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात जेमतेम नखाएवढा गुलाबी तुकडा होता, आणि शेवंती कुबल तो वाकून बघत होती. तिची बारा वर्षांची लेक चैत्राली भांड्याला नाक लावून उभी होती. नवरा विश्राम हाताची घडी घालून मागे थांबला होता. किनाऱ्यावरच्या चाळीस घरांना त्या दिवशी बोलावणं होतं. प्रत्येक घराला एक टाकी, एक पोतं दगड, मिठाची पाकिटं आणि असा एक तुकडा मिळणार होता.

"हे शीघ्रप्रवाळ," डॉ. हेमांगी राजूरकर म्हणाल्या. बाई मूळच्या नागपूरकडच्या, केंद्रावर येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं. दर्या तापला, जुनी प्रवाळं मेली, आणि लाटा आता घरांच्या जोत्याशी येऊन आपटतात. सिमेंटचे बांध दहा पावसाळेही काढत नाहीत. म्हणून केंद्राने हे प्रवाळ घडवलं. पुराचं गोडं पाणी सोसणारं, खाडीचा गाळ पचवणारं. साधं प्रवाळ वर्षाला बोटभर वाढतं, हे महिन्याला वीतभर वाढेल. जिवंत बांध. पण दर्यात सोडण्याआधी ते घराघरांत कसं जगतं ते बघायचं होतं.

विश्राम चौथी शिकलेला. पण खाडीच्या तोंडाशी कुठे किती वाव खोल पाणी आहे, हे बंदरातले साहेबही त्यालाच विचारीत.

"बाई, ह्यां दर्यात गेलां तर? महिन्याक वीत म्हणजे थोड्या वर्सांत आमची वाट बंद."

"गेलं तरी जगणार नाही. त्याला कुलूप घातलंय." बाईंनी मिठाचं पाकीट उचललं. "दगड रचायला त्याला एक आम्ल लागतं. ते स्वतःच्या शरीरात बनवण्याची ताकद आम्ही काढून टाकली. आम्ही त्याला कुलूपद्रव्य म्हणतो. ते फक्त या पाकिटात आहे, तेही चिमूटभर. जास्त मिळालं तर ते वाढतच सुटेल. आणि अजिबात मिळालं नाही तर आठ दिवसांत पांढरं पडून मरेल."

"आणि तां द्रव्य दर्यात नाय, ह्यां तुमी कोणाक इचारून ठरवलात?"

"तीन वर्षं जगभरच्या समुद्रांचं पाणी तपासलं. एक थेंब सापडला नाही."

विश्राम हसला. "जगभरच्या. आमच्या खाडीचां पाणी बघलात?"

"समुद्र सगळीकडे एकच असतो हो," बाई म्हणाल्या. विश्रामला ते पटलं नव्हतं, हे शेवंतीला त्याच्या जबड्यावरून कळलं.

टाकी घरात आली आणि शेजारपाजारच्यांना चेष्टेला विषय मिळाला. उंबऱ्याच्या पलीकडे दर्या असताना काचेत दर्या पाळणारी ही कोण शहाणी माणसं, असं लोक विचारू लागले. सहा आठवडे तर टाकीत नुसतं पाणी, दगड आणि मीठ. टाकी आधी पिकवावी लागते, असं चैत्राली सगळ्यांना सांगायची. दगडाच्या भोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव वस्ती करतात, ते घाणीतलं विष खातात, आणि त्यांची वस्ती होण्याआधी मासा सोडला तर तो आपल्याच घाणीने मरतो. ती रोज नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकी, रंग बघे आणि वहीत लिही. मध्येच काचेवर तपकिरी शेवाळ चढलं, घरभर कुबट वास सुटला, आणि शेवंती म्हणाली की ही घाण अंगणात काढा. पण ते आपोआप गेलं. मग एक गोगलगाय आली, मग बोटाएवढा निळा मासा, आणि चैत्राच्या सुरुवातीला तो गुलाबी तुकडा. दिवसाला टोपलीभर मासळी ओढणारा विश्राम संध्याकाळी त्या एका माशासमोर मांडी घालून बसू लागला.

दर रविवारी टाकीतलं एक कॅन पाणी काढून नवं घालायचं असे. जुनं पाणी केंद्राने दिलेल्या उकळपात्रात ओतून तासभर खदखदवायचं, असा नियम होता. विश्रामने तो एकदाही पाळला नाही. होडीतल्या आमिषाच्या जिवंत कोळंबीचं पाणी त्याचा आजा खाडीच्या तोंडाशीच ओतायचा, बाप तिथेच ओतायचा. ज्या पाण्यात जीव वाढला ते चुलीवर ठेवायचं नाही, दर्याला परत द्यायचं. तो कॅन घेऊन तोंडाशी जाई, होड्यांच्या वाटेच्या मधोमध ओते, हात जोडे आणि परत येई. शेवंतीला ठाऊक होतं. पाण्यात गुलाबी कण असत, तेही तिने बघितले होते. पण बाईच म्हणाल्या होत्या ना, आठ दिवसांत मरेल म्हणून.

ज्येष्ठात घाटात दरड कोसळली आणि मिठाची पाकिटं यायची थांबली. चैत्रालीने उरलेली पुरवून पुरवून घातली, तीही संपली. चौथ्या दिवशी प्रवाळाची टोकं फिकी पडली. सहाव्या दिवशी ते हाडासारखं दिसू लागलं. पोरीने जेवण टाकलं. "आये, तां माका बघता," एवढंच ती म्हणाली आणि टाकीसमोर आडवी झाली.

शेवंतीचा घरचा आमसुलांचा धंदा. वैशाखात कोकमं फोडायची, सालं रसामिठात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. सात वेळा. ओटीवरच्या पिंपाच्या तळाशी लाल, ओलं मीठ उरतं. मीठ ते मीठ, असा विचार तिने केला. पोर आंघोळीला गेल्याचं बघून तिने त्यातलं मूठभर दर्याच्या पाण्यात विरघळवलं, गाळलं आणि टाकीत ओतलं.

तिसऱ्या दिवशी प्रवाळ गुलाबी झालं. आठव्या दिवशी त्याला नवे फाटे फुटले. रस्ता मोकळा होऊन पाकिटं आली, तरी शेवंतीने रविवारची चिमूट सोडली नाही. बरं झालेलं दुखणं कोण पुन्हा उकरून बघायला जातं? तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नियम मोडला म्हणून टाकी गेली असती, आणि पोरीचं तोंड तिला बघवलं नसतं.

नारळी पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी भरल्या भरतीला हंगामाच्या पहिल्या फेरीला चौदा होड्या रिकाम्या, हलक्या अंगाने बाहेर पडल्या. विश्रामची सर्वांत पुढे. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, डॉ. राजूरकर गाडी भरून यंत्रं घेऊन दारात उभ्या राहिल्या. न कळवता.

त्यांचा चेहरा बघूनच शेवंतीने ओटीवरच्या पिंपावर झाकण ओढलं.

"दरडीच्या दिवसांत एकोणचाळीस घरांतली प्रवाळं मेली," बाई म्हणाल्या. "आम्ही पेढे वाटले. कुलूप पक्कं आहे हे सिद्ध झालं म्हणून. काल चैत्रालीने पाठवलेले फोटो बघितले. तुमचं जिवंत आहे. नुसतं जिवंत नाही, टाकी फोडायला निघालंय."

"मगे ह्यां बरां की वायट?" शेवंतीने विचारलं.

"त्याने ते आम्ल स्वतः बनवायला सुरुवात केली असेल तर फार वाईट. मग ते कुठल्याही समुद्रात जगेल."

त्यांनी प्रवाळाचा कण तोडून गाभावाचकात, म्हणजे जनुकं वाचणाऱ्या यंत्रात, घातला. दोन तास ते यंत्र घरघरत राहिलं. चैत्राली वही उराशी धरून भिंतीला टेकून बसली होती. शेवंती चुलीपाशी उगाच भांडी हलवत होती. आता विचारतील, आता नेतील, असं तिच्या मनात सारखं येत होतं. शेवटी बाईंनी पडद्यावर बघितलं, डोळे मिटले आणि भिंतीला पाठ टेकली.

"कुलूप शाबूत आहे. काही बदललेलं नाही."

त्या हसल्या तशी शेवंतीही हसली. जेवून जा, म्हणाली. बाई लगेच पाटावर बसल्या. बांगड्याचं तिखलं, भात, वाटीत सोलकढी. बाईंनी दोन घास खाल्ले आणि कौतुकाने विचारलं की याला हा आंबटपणा कशाचा, आमच्याकडे चिंच घालतात.

"सोलां," शेवंती म्हणाली. "कोकमाची सालां. आमचोच धंदो." आणि सुटकेच्या भरात, नको ते धडधडीत बोलून गेली. "खरां सांगू बाई? त्या परवाळाक पण मीच जगवलंय. पाकिटां नव्हती तेव्हा पिंपातला मीठ घातलंय. अजूनय घालतंय."

बाईंचा घास हातातच राहिला.

त्यांनी पिंप दाखवायला सांगितलं. तळातलं लाल मीठ चमच्याने द्रव्यपारखी यंत्रात टाकलं. आकडा आला. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यांनी ते धुतलं आणि पुन्हा टाकलं. तोच आकडा.

"आमच्या पाकिटात कुलूपद्रव्य चिमूटभर असतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "इथे पिंपभर आहे." त्यांनी खरकटा हात तसाच धरून ठेवला होता. "आम्ही समुद्र तपासला. स्वयंपाकघर नाही तपासलं. हे किती घरांत बनतं?"

"सगळ्यांच्या."

"पिंपं कुठे धुता?"

"व्हाळार. मे महिनोभर."

"व्हाळ म्हणजे ओढा ना? तो कुठे जातो?"

 व्हाळ कुठे जाणार? डोंगरातली न काढलेली कोकमं पावसात कुजतात, आषाढात त्या व्हाळाचं पाणी लालसर होतं, आणि ते सगळं खाडीतून तोंडाशी जातं. तिच्या आजीच्या आजीपासून तसंच जातंय.

बाई स्वतःलाच समजावल्यासारख्या बोलू लागल्या. घाबरण्याचं कारण नाही. प्रवाळ टाकीत आहे. टाकी आत्ता, या क्षणी उकळून टाकू. चैत्रालीला वाईट वाटेल, पण इलाज नाही. "जुनं पाणी तुम्ही उकळपात्रातच घालता ना, शेवंतीताई?"

उकळपात्र माळ्यावर होतं, खोक्याची दोरीही न सोडलेलं. दाराशी विश्रामचा रिकामा कॅन होता. शेवंतीची नजर त्या कॅनवर गेली, आणि तिच्या नजरेमागून बाईंची.

 शेवंतीने कोपऱ्यातला बांबू उचलला आणि ती धावत सुटली. दुपारची वेळ होती आणि ओहोटी लागली होती. पहिल्या फेरीच्या होड्या आज याच वेळेला परतायच्या होत्या, भरलेल्या, पाण्यात बुडून चालणाऱ्या.

लहान होडी तिने स्वतः वल्हवली. पुढे बाई, मध्ये चैत्राली, तिच्या मांडीवर होड्यांशी बोलायचं बिनतारी यंत्र. तोंडाच्या मधोमध, जिथे विश्राम हात जोडतो तिथे, शेवंतीने बांबू सोडला. या जागी ओहोटीलाही दोन वाव पाणी. दोन्ही हात पसरून दोनदा मोजावं इतकं. लग्न होऊन आल्यापासून तिला ठाऊक होतं.

बांबू कमरेइतकाच आत गेला आणि कट्‍ करून थांबला.

तिने डावीकडे टाकला. कट्‍. उजवीकडे, वल्ह्याच्या दोन फटक्यांवर. कट्‍. बांबू वर काढला तेव्हा टोकाला गुलाबी भुकटी लागली होती.

बाहेरच्या रेषेवर पहिलं शीड दिसलं. चौदा होड्या एकामागे एक, आणि पुढची विश्रामची, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. या वाटेने तो डोळे मिटून आत यायचा. तिने बिनतारी ओढून घेतली.

"थंयच थांबा. तोंडात येव नकात."

"काय गो? मासळी मोप आसा. ओटयेर पाट मांड." यंत्रातून त्याचं हसू आलं. "बारा वर्सांचो आसल्यापासून ह्या वाटेन येतंय मी."

"वाट नाय आता थंय. दगड आसा. तुमी घातलास, आणि मी वाढवलंय. थांबा, माझी शपथ आसा तुमका."

हसू थांबलं.  मग लांबवर पहिलं शीड उतरलं, मग दुसरं. शेवंतीने बांबू होडीत आडवा ठेवला. माणूस वाचला होता.

बाई पाण्याकडे बघत होत्या. "एवढं मोठं झालंय म्हणजे वयात आलंय, आणि प्रवाळं पौर्णिमेला बीज सोडतात," त्या म्हणाल्या. "चैत्राली, पौर्णिमेच्या संध्याकाळी टाकीत काही दिसलं होतं का? नीट आठव."

चैत्रालीला आठवावं लागलं नाही. वही तिने बरोबरच आणली होती. पान उघडून तिने वाचलं. "पौर्णिमा. सांज. प्रवाळाने गुलाबी मोहरीएवढे दाणे सोडले. खूप. ते बुडत नाहीत, तरंगतात."

खालचं सगळं प्रवाळ एकाच तुकड्यातून वाढलेलं होतं. टाकीतल्याने जे त्या संध्याकाळी केलं, ते खालच्यानेही त्याच संध्याकाळी केलं असणार. 

"त्यांना विचारा," बाई म्हणाल्या, "या दिवसांत इथलं पाणी कुठे वाहतं?"

शेवंतीने विचारलं.

"श्रावणात? दक्षिणेक," विश्रामने लगेच सांगितलं. ते त्याला पाठ होतं. "वेंगुर्ल्याक, तेरेखोलाक, थंयसून गोंयाक. चार दिवसांत लांब जाता. कित्याक गो?"

शेवंतीने दक्षिणेकडे बघितलं. किनारा निळा होत होत दिसेनासा होत होता. त्यावर किती खाड्या आहेत हे तिला मोजता आलं नसतं, पण प्रत्येक खाडीत उतरणारा एक व्हाळ होता, आणि प्रत्येक व्हाळाकाठी तिच्यासारख्या बायका पिंपं धूत होत्या.

"शेवंते," बिनतारीतून आवाज आला. ओहोटी वाढत होती. बाहेर चौदा होड्या भरल्या पोटांनी डुलत होत्या. "मगे आत येवक वाट खंय आसा, ती तरी सांग."

तिने बांबू उचलला, होडी दोन हात पुढे घेतली आणि पुन्हा पाण्यात टाकला.

कट्‍.